वाद्य वाजवणाऱ्या लहान मुलाचा जुना पिक्चर, ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर पाहिलेला. नाव कोणाला आठवतं का?

पांदणरस्ता
नमस्कार मंडळी. इथे जुन्या पिक्चरचे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय, मदत करा.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला. ऐंशीच्या दशकात आमच्या ग्रामपंचायतीत टीव्ही आला, लाकडी खोक्यातला, सरकत्या शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. संध्याकाळी शिपाईकाका कुलूप उघडायचे आणि अर्धं गाव ओट्यावर बसायचं, पोट्टे पुढे, बाया एका बाजूला, माणसं मागे उभी. असाच एकदा एक पिक्चर लागला, त्यात गाणी नव्हती, हिंदी पण नव्हती, खाली बारीक अक्षरं येत होती. मोठी माणसं कंटाळून उठून गेली पण आम्ही लहान पोरं बसून राहिलो आणि तो पिक्चर माझ्या मनातून आजपर्यंत गेला नाही.

जे आठवतं ते सांगतो. सात-आठ वर्षांचा मुलगा, अंगात नीटनेटके कपडे, हातात काळा डबा ज्यात वाद्य आहे. घराच्या जिन्यापाशी बाकीची पोरं त्याला अडवतात, चिडवतात, डबा ओढतात. मग एक शिकवणारी बाई, तिच्यासमोर टकटक करणारं यंत्र, काटा इकडून तिकडे हलतो, मुलगा डोळे मिटून वाजवायला लागला की बाई त्याला थांबवते. तिथेच बाहेर एक छोटी मुलगी बसलेली, तिच्याजवळ हा सफरचंद ठेवून आत जातो. पुढे पाऊस, आणि एक मोठा लोखंडी गोळा बिल्डिंगवर आदळतो आणि भिंत कोसळते. आणि त्याची आई.

मधात एका ठिकाणी चित्र फुटून तुकडे तुकडे झाले होते तर एका पोट्ट्याला अँटेना फिरवायला छतावर चढवलं होतं, तेवढा भाग नीट पाहता आला नाही.

माझी मुलगी आता संगीत शिकायला लागली आहे. तिला हा पिक्चर दाखवायची खूप इच्छा आहे.

तर्रीपोहे
भाऊ, 'दोस्ती' तर नाही? १९६४ चा, राजश्रीचा. त्यातला रामू माऊथ ऑर्गन वाजवतो आणि त्याचा मित्र मोहन आंधळा असतो, गातो. ब्लॅक अँड व्हाइटच आहे, आणि त्यातला माऊथ ऑर्गन खुद्द आर. डी. बर्मननी वाजवलेला. आमच्याकडे नागपूरला माझी आई हा पिक्चर लागला की डोळ्याला पदर लावूनच बसायची.

पांदणरस्ता
'दोस्ती' नाही दादा, तो मी पाहिला आहे, त्यातली गाणी तर पाठ आहेत. हा परदेशातलाच होता, घरं वेगळी, कपडे वेगळे. आणि मुलगा खूपच लहान.

बहिरमजत्रा
नाव मला सांगता येणार नाही पण वाचून फार बरं वाटलं. आम्ही चांदूर बाजारकडचे. आमच्याकडे पिक्चर म्हणजे बहिरमच्या जत्रेतली टुरिंग टॉकीज. थंडीत अंगावर घोंगडी घेऊन जमिनीवर बसायचं, एक रीळ संपलं की दुसरं लावेपर्यंत शेंगा फोडायच्या, पडद्याच्या मागून पण लोक पाहायचे, त्यांना सगळं उलटं दिसायचं पण चालायचं. तिथे मी 'बैजू बावरा' पाहिला होता आणि त्यातला छोटा बैजू अजून आठवतो. पण असला बिनगाण्याचा पिक्चर तिथे कोणी लावला नसता. तुमच्या गावाला तो दूरदर्शनमुळेच पाहायला मिळाला.

जुनी_रिळं
चांगला धागा. मी अमरावतीला फिल्म सोसायटीच्या कामात बरीच वर्षं होतो, थोडा प्रयत्न करतो.

लहान मुलगा आणि वाद्य असे परदेशी पिक्चर बरेच आहेत. 'दे शॅल हॅव म्युझिक', १९३९ चा अमेरिकन. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला पोरगा व्हायलिनकडे वळतो, गरीब मुलांची संगीतशाळा बंद पडायला आलेली असते आणि यशा हायफेट्झ हा खरा मोठा व्हायलिनवादक त्यात स्वतः वाजवतो. दुसरा 'प्रेल्यूड टू फेम', १९५० चा ब्रिटिश, त्यात इटलीतला एक लहान मुलगा ऑर्केस्ट्रा चालवण्यात अद्भुत निघतो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पण असाच एक आला होता, त्यात रॉबेर्तो बेंझी हा खराखुरा बालसंचालक होता.

काही प्रश्न: शेवटी मोठी मैफल होते का? लोक टाळ्या वाजवतात का? मुलगा प्रसिद्ध होतो का? हातातल्या डब्याचा आकार कसा होता?

पांदणरस्ता
सर, मैफल नाही. टाळ्या नाहीत. प्रसिद्ध वगैरे काहीच होत नाही, सगळी गोष्ट एका दिवसात होते असं वाटतं. डबा लांबट, एका बाजूला निमुळता. म्हणजे व्हायलिनच असणार, पण तेव्हा आम्ही व्हायलिन कुठे पाहिलं होतं, आमच्या गावात हार्मोनियम, तबला, टाळ आणि तुकडोजी महाराजांच्या भजनाची खंजिरी, एवढंच.

जुनी_रिळं
मग मी सांगितलेले तिन्ही बाद. अशा पिक्चरमध्ये मुलाची कीर्ती हाच विषय असतो, मुलगा मोठा होत जातो आणि मोठी माणसं त्याला वापरतात. तुमचा वेगळाच दिसतो. मुलाला वाजवताना बाई थांबवते आणि तरी पुढे गाजावाजा काही नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. अजून काही?

पऱ्हाटी
त्या सफरचंदाचं पुढे काय होतं? मुलगी खाते का? मला असं पुसट आठवतं की कुठल्यातरी पिक्चरमध्ये मुलगी आधी सफरचंदाकडे बघत नाही, बाजूला सरकवते, आणि मग हळूच... कुठला ते सांगता येत नाही पण असा सीन मी पण पाहिलाय. वर्ध्याला असताना.

पांदणरस्ता
खाते! मुलगा बाहेर येतो तेव्हा फक्त मधला भाग उरलेला असतो. तुम्ही लिहिलं आणि मला एकदम समोर दिसलं. म्हणजे आपण एकच पिक्चर पाहिलाय.

आज ताईला फोन करतो. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि त्या दिवशी माझ्या बाजूलाच बसली होती.

आर्णीवाली
मी याची ताई. भाच्यानं, म्हणजे माह्या पोरानं आयडी काढून देल्ला, टाइप करायले येळ लागते, सांभाळून घ्या.

हा बाकी सारं सांगून राह्यला आन् मुख्य गोष्टच सोडली. त्या पिक्चरमधी रोड रोलर होता. रोड बनवनारा मानूस होता, थो त्या पोट्ट्याले बाकीच्या पोट्ट्यायपासून वाचवते आन् मंग रोलरवर बसवते, चालवू देते. पूर्ण पिक्चर त्या दोघायचाच हाय. याले वाटते रोलर आपल्या गावच्या रोडवरचा. काहून का आमचे बाबा रोलरवर होते. तवा दारव्हा रोडचं काम चालू होतं, रोजगार हमीच्या बाया गिट्टी फोडत, बाबा रोलर चालवत आन् मी डबा घेऊन जाओ. हा लहान होता, यानं घरचा रोलर आन् पिक्चरमधला रोलर एकच करून टाकला.

मले पक्कं आठवते कारन बाबा त्या दिवशी कामावरून तसेच ग्रामपंचायतीत आले, कपड्याले डांबर, सर्वायच्या मागं उभे राह्यले. टीव्हीत रोलर पाहून मले लय हुशारी वाटली होती, मी मागं वळू वळू बाबाकडे पाहो.

शेवट मात्र लय वाईट हाय. आई पोट्ट्याले जाऊ देत नाही. थो मानूस खाली वाट पाहते, पाहते, आन् मंग निंघून जाते. मी रडली होती.

पांदणरस्ता
ताई, रोलरचं तू म्हणतेस ते बरोबर असणार. पण शेवट तसा नाही. मुलगा पळत पळत खाली येतो आणि रोलरवर चढतो आणि ते दोघं निघून जातात. मला ते अगदी स्पष्ट दिसतं, मोठं मोकळं मैदान, रोलर दूर जातोय, मुलगा धावतोय.

आर्णीवाली
नाही रे बाप्पा. तू झोपला असशीन.

गोंदिया_पॅसेंजर
पांदणरस्ता, ताई, तुमचा पिक्चर सापडला. दोघांनाही नमस्कार.

हा 'कातोक इ स्क्रिप्का', म्हणजे 'रोड रोलर आणि व्हायलिन'. सोव्हिएत पिक्चर, मोसफिल्मचा, १९६० साली पूर्ण झालेला. दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की. फिल्म शाळेतून पास होताना विद्यार्थ्याला जो पिक्चर करून दाखवावा लागतो तो हा, त्यांचं वय तेव्हा अठ्ठावीस. मुलाचं नाव साशा, रोलरवाल्याचं सेर्गेई. पूर्ण लांबी पाऊण तासाच्या आसपास, म्हणून तुम्हाला एका दिवसातली छोटी गोष्ट वाटली ते बरोबरच आहे.

माझा संबंध असा की माझे वडील भिलाईच्या कारखान्यात होते. कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, पहिली भट्टी १९५९ ला सुरू झाली, आणि रशियन इंजिनिअर लोक तिथे कुटुंबासकट राहत. वडील कामापुरती रशियन शिकले आणि घरी येऊन आम्हाला शिकवली. पुढे मी पुस्तकं वाचून वाढवली. आम्ही मूळचे गोंदियाकडचे, सुट्टीत गावी आलो की प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची मराठी पुस्तकं पिशवीत असायचीच, मोठा टाईप, जाड कागद, रंगीत चित्रं, आणि किंमत अगदी कमी.

आणि पांदणरस्ता, तुमच्या अँटेनाचं. चित्र फुटलं नव्हतं! साशा संगीताच्या वर्गाला जाताना दुकानाच्या काचेतल्या आरशांसमोर थांबतो, तिथे रस्ता, माणसं सगळं आरशात तुकड्यातुकड्यांनी दिसतं, एकाची अनेक चित्रं होतात. ते तसंच काढलेलं आहे. छतावर चढलेल्या मुलाला कळवा.

जुनी_रिळं
वा! भले शाबास. तारकोव्हस्कीचे पुढचे पिक्चर आम्ही सोसायटीत दाखवले, हा राहून गेला.

थोडी भर घालतो. छायाचित्रण वादिम युसोव्हचं, संगीत व्याचेस्लाव्ह ओव्चिनिकोव्हचं, आणि पटकथेत तारकोव्हस्कीबरोबर आंद्रेई कोंचालोव्हस्की. कॅमेरा आणि संगीताची हीच दोन माणसं लगेच पुढच्या 'इव्हान्स चाइल्डहूड' मध्ये पण आहेत, त्याला १९६२ ला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला. तो पण एका लहान मुलाचाच, युद्धातल्या.

आणि शेवटाबद्दल, बहीण-भाऊ भांडू नका, दोघंही खरं सांगताय. साशा आणि सेर्गेई मिळून संध्याकाळी 'चापायेव्ह' बघायला जायचं ठरवतात, तो १९३४ चा गाजलेला सोव्हिएत पिक्चर. आई परवानगी देत नाही. सेर्गेई वाट पाहून जातो, त्याच्याबरोबर काम करणारी एक तरुणी असते तिच्याबरोबर पिक्चरला. इथे ताईंचा शेवट. त्यानंतर साशाच्या मनातलं येतं, तो धावत खाली जातो आणि रोलर गाठतो. तो पांदणरस्ता यांचा शेवट. स्वप्न सुरू झालं असं सांगणारी कुठलीही खूण, धूसर चौकट वगैरे, दिग्दर्शक देत नाही, सरळ दाखवतो. मोठ्या मुलीनं आईची बंदी लक्षात ठेवली आणि लहान मुलानं धावणं लक्षात ठेवलं. मला या माणसाचं हेच फार आवडतं, की मुलाच्या मनातलं आणि बाहेरचं तो एकाच वजनानं पडद्यावर ठेवतो, पुढे आयुष्यभर त्यानं हेच केलं.

पऱ्हाटी
जुनी_रिळं सर, अंगावर काटा आला वाचून. आणि तो टकटक वाजणारा मेट्रोनोम. मी स्वतः वर्ध्याला मुलांना व्हायलिन शिकवते. तालाची शिस्त पाहिजेच, ती बाई दुष्ट नाही, पण मूल सुरात शिरलेलं असताना त्याला काट्यावर आणून ठोकणं ही वेगळी गोष्ट. शिकवणाऱ्या प्रत्येकानं तो सीन एकदा पाहावा असं मला मनापासून वाटतं.

पांदणरस्ता
मंडळी, काय बोलू. काल रात्री मोसफिल्मच्या यूट्यूब चॅनेलवर शोधून पाहिला, मुलीला मांडीवर घेऊन.

आधी वाटलं दुसराच लागला. कारण हा रंगीत आहे! रोलर लाल आहे, चांगला लालभडक. माझ्या डोक्यात इतकी वर्षं सगळं राखाडी. मग लक्षात आलं, दूरदर्शनवर रंग १९८२ लाच आला होता पण आमच्या ग्रामपंचायतीचा डबा ब्लॅक अँड व्हाइट, त्याला कुठून रंग दिसणार. आमच्या गावात हा पिक्चर ज्यांनी पाहिला त्या सगळ्यांनी बिनरंगाचा पाहिला. जिना आला आणि मी पुढचं सगळं आधीच सांगायला लागलो, मुलगी म्हणे बाबा गप बसा ना.

एक सीन मात्र कोरा निघून गेला होता माझ्या मनातून. दोघं जेवायच्या सुट्टीत पाव आणतात. सेर्गेई त्याला 'वादक' म्हणून हाक मारतो, बाकीची पोरं त्याला हेच म्हणून चिडवत असतात, तर साशा रागानं पाव जमिनीवर फेकतो. सेर्गेई मारत नाही, ओरडत नाही, पण त्याचा चेहरा असा होतो की मुलाला कळतं आपण काय केलं. आणि पुढे एका कमानीखाली साशा त्याच्यासाठी व्हायलिन वाजवतो, तिथे आवाज घुमतो, आणि तो डांबरातला माणूस नुसता ऐकत राहतो. तिथे बाई नाही, यंत्र नाही, कोणी थांबवणारं नाही. तिथे मला बाबांची फार आठवण आली. उद्या ताईकडे जाऊन बाबांना दाखवणार, ते हल्ली आर्णीला तिच्याकडे असतात.

बहिरमजत्रा
बाबांना नक्की दाखवा आणि ते काय म्हणाले ते लिहा, वाट पाहतो.

आर्णीवाली
दाखवला. पोराच्या लॅपटॉपवर, चष्मा लावून, खाटीवर बसून. मीच लिहितो, भाऊ बाबाजवळ बसला हाय.

बाबा पयले रोलरच पाहत होते, पोट्ट्याकडे लक्षच नाही. म्हने चाकावर पानी सुटाले पाह्यजे नाही तं गरम डांबर चिकटते, चाक सोलते. म्हने रोलर कडेकडून मधात आनाव लागते, मधातून सुरू केलं तं माल बाहीर पळते आन् रोडले पोट येत नाही. आमच्या टायमाले गिट्टी टाका, मुरूम टाका, पानी मारा आन् दाबा, मंग डांबर, दहा टनाचा रोलर होता, थंडीत सकाळी लवकर सुरू होत नसे. असं सारं सांगत राह्यले. मंग पाव फेकला तिथं एकदम चूप झाले. म्हने मी बी असाच रागावलो असतो.

मी विचारलं बाबा तुमाले आठवते का ग्रामपंचायतीत पाह्यला होता, तुमी मागं उभे होते. म्हने पिक्चर आठवत नाही, पन एवढं आठवते का टीव्हीत एका डायवरनं पोट्ट्याच्या हाती रोलर देल्ला होता आन् दुसऱ्या दिवशी हा माह्या मागं लागला, मले बी बसवा. म्हने बसवला होता. मुकादम जेवाले गेला तवा, शंभर पावलं.

याले हे माहीतच नवतं. बसला हाय आता डोळे पुसत.

तर्रीपोहे
ताई, बाबांना आमचा नमस्कार सांगा. ज्या रोडवरून आपण फटफटीनं जातो तो कोणी दाबला हे आपण कधी विचारतच नाही.

गोंदिया_पॅसेंजर
कडेकडून मध्यभागी, हे आमच्या वडिलांच्या मित्राकडून पण ऐकलं होतं, बांधकाम खात्यात होते ते. ताई, बाबांना विचारा ना, पिक्चरमधली ती बाई जो रोलर चालवते तो त्यांना कसा वाटला? आपल्याकडे तेव्हा रोलरवर बाई कोणी पाहिली होती का?

आर्णीवाली
विचारलं. म्हने नाही पाह्यली, बाया गिट्टीवर आन् घमेल्यावर. पन म्हने ती बरी चालवते, घाई करत नाही.

पांदणरस्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. आता एक विचार आहे. आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत हा पिक्चर दाखवायचा. मुख्याध्यापक हो म्हणाले, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर. पडदा आणि प्रोजेक्टर शाळेत आहे, लाईन गेली तर इन्व्हर्टर आहे. पण मुलांना इंग्रजी अक्षरं वाचता येणार नाहीत, आमचं झालं तेच होईल. बोलणं फार नाही पिक्चरमध्ये, मराठीत कोणी लिहून दिलं तर मी समोर उभा राहून वाचून दाखवीन.

गोंदिया_पॅसेंजर
मी देतो. रशियनवरून सरळ करतो, वेळेसकट लिहितो म्हणजे कुठे काय वाचायचं ते कळेल. आईचं आणि पावाच्या सीनचं नीट करून पाठवतो, बाकी सोपं आहे. आरशाच्या सीनच्या आधी मुलांना एक वाक्य सांगून ठेवा, नाही तर कोणीतरी प्रोजेक्टरची वायर हलवेल.

जुनी_रिळं
एक विनंती, शेवट आधी समजावून सांगू नका. मुलांना कोणता शेवट दिसला ते विचारा आणि इथे लिहा. मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

पऱ्हाटी
मी येऊ का? वर्ध्याहून यवतमाळमार्गे सकाळी निघाले तर पोचते. व्हायलिन घेऊन येते, मेट्रोनोम पण आहे माझ्याकडे. पिक्चर झाल्यावर मुलांना हातात धरू देते, वाजवून पाहू दे ज्याला पाहायचं त्याला. बाबा पण असतील ना?

पांदणरस्ता
या या, अवश्य या. बाबा येणार, ताई आदल्या दिवशीच घेऊन येते आहे त्यांना, मुलांनी रोलरचं विचारलं तर तेच सांगतील. शाळेचा पत्ता तुम्हाला व्यनि केला आहे. दारव्ह्याच्या स्टँडवर भाचा गाडी घेऊन उभा राहील, जेवण आमच्याच घरी.